फोटोचे रेझोल्यूशन, फाइलचा आकार आणि साठवण : घरातले जुने फोटो स्कॅन करण्यापूर्वी

पाचपाखाडी

नमस्कार. पुढच्या वर्षी माझ्या आजोबांची जन्मशताब्दी आहे आणि त्या निमित्ताने त्यांचा एक मोठा फोटो करून घरात लावावा, अशी आईची फार इच्छा आहे. ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठी उभे असलेल्या आजोबांचा एक फोटो आम्हा सगळ्यांच्या आवडीचा आहे. तो मोठ्या काकांनी अग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्याने काढला होता. अल्बममध्ये त्याची ३ इंच बाय ३ इंचांची चौकोनी प्रत होती. काही वर्षांपूर्वी आम्ही तो सगळा अल्बम, म्हणजे जवळजवळ ४०० फोटो, एका दुकानात स्कॅन करायला दिला होता. "३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके घेऊन) करतो, उत्तम येतील," असे त्यांनी सांगितले आणि आम्हीही समाधानाने मान डोलावली. पुढे एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली, अल्बमच्या पानांवरचे प्लास्टिक फोटोंना चिकटले, आणि ते सोडवताना बऱ्याच फोटोंचा वरचा थर निघून आला. आजोबांचा फोटो त्यांपैकीच एक. आता आमच्याजवळ उरली आहे ती फक्त दुकानाने दिलेली फाइल.

ती फाइल मी परवा नीट उघडून पाहिली. लांबी-रुंदी ९०० बाय ९०० पिक्सेल (म्हणजे चित्राचे ठिपके), आकार ११८ केबी. चित्रात आजोबा पूर्ण उभे आहेत, त्यामुळे त्यांचा चेहरा चौकटीच्या रुंदीचा साधारण विसावा भाग व्यापतो; म्हणजे चेहऱ्याच्या वाट्याला ४५ पिक्सेल येतात. आम्हाला छातीपर्यंतचा भाग हवा आहे. तो कापून घेतला तर जेमतेम २०० पिक्सेल रुंदी मिळते, आणि १२ इंच रुंद फोटो करायचा तर दर इंचाला १७ पिक्सेलसुद्धा पुरे पडत नाहीत. पडद्यावर मोठे करून पाहिले तर डोळ्यांच्या जागी करड्या रंगाचे चौकोन दिसतात.

हे का झाले हे समजून घेण्यासाठी मी गेले काही दिवस बरेच वाचले, आकडेमोड केली आणि माझ्या मोबाइलमधल्या फोटोंवर पडताळून पाहिली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे अल्बम असतील, म्हणून समजले ते मांडते. चुकले असेल तर जाणकारांनी अवश्य दुरुस्त करावे.

पहिली गोष्ट म्हणजे रेझोल्यूशन आणि फाइलचा आकार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. चित्रात आडवे किती आणि उभे किती ठिपके आहेत, हे झाले रेझोल्यूशन. माझ्या मोबाइलचा फोटो ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा असतो, म्हणजे एकंदर १ कोटी २१ लाख ९२ हजारांहून अधिक ठिपके, ज्याला आपण १२ मेगापिक्सेल म्हणतो. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांसाठी एकेक बाइट धरली, तर हे चित्र काहीही न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवायला सुमारे ३६.६ एमबी लागतील. प्रत्यक्षात मोबाइलमधली फाइल ३ ते ५ एमबीची असते. मधली तफावत जेपीईजी पद्धतीने भरून काढलेली असते.

जेपीईजी हे १९९२ मधले मानक आहे आणि त्याची कार्यपद्धती समजली की आजोबांच्या चेहऱ्याचे काय झाले ते कळते. डोळ्याला उजेडातला फरक जितका बारकाईने जाणवतो तितका रंगातला फरक जाणवत नाही, म्हणून बहुतेक वेळा रंगाची माहिती आडवी निम्मी आणि उभी निम्मी, म्हणजे एकंदर चौथाई, एवढीच ठेवली जाते. त्यानंतर चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनात ठळक चढउतार कोणते आणि बारीक तपशील कोणते हे गणिताने वेगळे केले जाते, आणि बारीक तपशिलांचे आकडे ढोबळ केले जातात. गुणवत्तेची पातळी जितकी खाली ठेवावी तितके अधिक आकडे शून्य होतात, आणि शून्यांची रांग फार थोड्या जागेत लिहिता येते. फाइल लहान होते ती मुख्यतः या टप्प्यावर, आणि या टप्प्यावर गेलेला तपशील परत येत नाही. आजोबांचा चेहरा ४५ पिक्सेल रुंद, म्हणजे आडवे सहा चौकोनसुद्धा पूर्ण भरत नाहीत. एक डोळा साधारण एका चौकोनात बसला आणि त्या चौकोनातले बारकावे पुसले गेले.

म्हणजे आमच्या बाबतीत दोन नुकसाने एकावर एक झाली: मुळात ठिपके कमी घेतले गेले, आणि घेतलेले ठिपकेही फार दाबले गेले. ४०० फोटोंचा तो फोल्डर ४७ एमबीचा आहे. आज माझ्या मोबाइलमधले बारा-चौदा फोटो तेवढी जागा घेतात.

ज्यांनी घरचे फोटो स्कॅन केले आहेत किंवा साठवणीचा विचार केला आहे, त्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा.

नौपाडा छपाई

ताई, मी गेली बावीस वर्षे छपाईच्या व्यवसायात आहे. आपण लिहिलेली "३०० डीपीआय"ची गोष्ट मी आठवड्यातून दोनदा तरी कुणाला तरी समजावून सांगतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

३०० हा आकडा डोळ्याच्या क्षमतेवरून आला आहे. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखू शकतो. फूटभर अंतरावर धरलेल्या कागदावर याचा हिशेब केला तर इंचाला सुमारे २८६ ठिपके येतात, आणि तेच पूर्णांक करून ३०० झाले. अल्बम हातात धरून पाहायचा असेल तर हे बरोबर आहे. भिंतीवरची तसबीर आपण चार-पाच फुटांवरून पाहतो, तिथे ६०-७० पुरतात आणि १५० असले तर जवळ जाऊनही ती चांगली दिसते. दहा फुटांवरून पाहायच्या फलकाला ३० पुरे, आणि रस्त्यापलीकडून, तीस फुटांवरून पाहायच्या फ्लेक्सला १० सुद्धा चालतात. शोभायात्रेच्या वेळी लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला १६०० बाय १२०० चा फोटो घेऊन १० फुटी फ्लेक्स करायला येतात. त्यात इंचाला १३ पिक्सेल पडतात आणि तो कमानीवर लावला तर कुणाला काही खटकत नाही. तोच फ्लेक्स मंडपाच्या दारात लावला की चेहरे फुटलेले दिसतात, आणि मग दोष मशीनला दिला जातो.

आता स्कॅनिंगचे पाहा. ३ इंची फोटो ३०० डीपीआयने स्कॅन केला, तर तो पुन्हा ३ इंचच छापण्यापुरता पुरेसा असतो. तो चौपट मोठा करायचा झाला की इंचाला ७५ च उरतात, आणि आपण त्यातला लहानसा भागच मोठा करत आहात. म्हणून स्कॅन करताना आकडा ठरवायचा तो पुढे किती मोठे करायचे आहे यावरून. आपल्या दुकानदाराने खोटे काही सांगितले नाही, पण पुढे काय करायचे आहे हे विचारायला हवे होते, ते विचारले नाही.

आणखी एक गैरसमज आहे. लोक फोटोच्या गुणधर्मात ७२ डीपीआय पाहतात आणि "हे ३०० करून द्या" म्हणतात. पिक्सेल तेवढेच ठेवून हा आकडा बदलला तर चित्रात काहीही बदलत नाही आणि फाइलचा आकारही तोच राहतो, कारण कागदावर छापताना ठिपके किती दाट बसवावेत एवढी ती फक्त सूचना असते. ४०३२ पिक्सेल रुंदीचा फोटो ७२ म्हणून लिहिलेला असो की ३०० म्हणून, तो ३०० च्या हिशेबाने साडेतेरा इंच रुंद छापता येतोच. पिक्सेल वाढवून ३०० केले तर फाइल फुगते, पण नवा तपशील येत नाही. आजूबाजूच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भर घातली जाते. आजकालची नवी साधने तो अंदाज फार देखणा करतात, हे मान्य आहे. पण आजोबांच्या चेहऱ्याच्या बाबतीत मी ते करणार नाही, कारण जो डोळा दिसेल तो त्यांचा नसेल.

सीवूड्स

फारच उपयुक्त धागा आहे. माझा प्रश्न अगदी घरगुती आहे. मुलाने मला नवा मोबाइल दिला, त्यात ५० मेगापिक्सेल आणि १२ मेगापिक्सेल असे दोन पर्याय आहेत. मी नातवंडांचे सगळे फोटो ५० वर काढते, कारण जास्त म्हणजे चांगले असे वाटते. पण दीड वर्षात गुगलची १५ जीबी जागा भरत आली आहे आणि आता ईमेलसुद्धा येणार नाहीत असा इशारा दिसतो. फोटो आणि ईमेल यांचा काय संबंध? आणि ५० चे १२ केले तर फोटो खराब येतील का?

पाचपाखाडी

काकू, ती १५ जीबी जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींसाठी मिळून असते. पूर्वी गुगल फोटोजमध्ये उच्च गुणवत्तेच्या पर्यायातले फोटो या हिशेबात धरले जात नसत. १ जून २०२१ पासून धरले जातात. फोटोंनी जागा भरली की नवी ईमेल घ्यायला जागा उरत नाही, हा तो संबंध.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी मी काल एक प्रयोग केला. आमच्या गॅलरीतून समोरच्या झाडांचा एकच फोटो दोन्ही पर्यायांनी काढला. १२ चा फोटो ४.१ एमबी आणि ५० चा १४.३ एमबी झाला. १५ जीबीमध्ये ४ एमबीचे सुमारे ३७५० फोटो मावतात आणि १४ एमबीचे हजाराच्या थोडेच वर. इतकी जागा घेऊन काय मिळाले हे पाहण्यासाठी मी दोन्ही फोटोंतला एकच भाग मोठा करून शेजारी शेजारी ठेवला. भर उन्हात समोरच्या इमारतीवरच्या पाटीची अक्षरे ५० मध्ये किंचित स्पष्ट दिसली. संध्याकाळी घरात दिव्याच्या उजेडात तोच प्रयोग केला, तेव्हा ५० चा फोटो उलट खरखरीत आला.

याचे कारण असे की या मोबाइलमधल्या सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या भागावर, शेजारशेजारच्या चार ठिपक्यांवर एकाच रंगाची गाळणी असते. कमी पर्यायात त्या चौघांनी गोळा केलेला उजेड एकत्र करून एक ठिपका बनवतात, त्यामुळे ५० चे साडेबारा होतात आणि अंधारात चित्र स्वच्छ येते. नातवंडांचे फोटो बहुधा घरातलेच असतात, तेव्हा १२ वर निश्चिंतपणे ठेवा.

आणखी एक पाहून घ्या. गुगल फोटोजमध्ये जागा वाचवणारा पर्याय निवडलेला असेल, तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो १६ पर्यंत लहान करूनच वर चढवले जातात. तुम्ही ५० वर काढलेल्या फोटोंची तिथली प्रत ५० ची नसेलच. म्हणून ती प्रत आहे या भरवशावर मोबाइलमधले मूळ फोटो पुसू नका.

खाडीपक्षी

मी ऐरोलीला राहतो आणि ठाणे खाडीतल्या पक्ष्यांचे फोटो काढतो. फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, तेव्हापासून हौशी छायाचित्रकारांची संख्या फार वाढली आहे, आणि हार्ड डिस्क भरल्याची तक्रार प्रत्येकाचीच असते. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. थवा उडाला की बोट बटणावर दाबलेलेच राहते; सेकंदाला दहा फोटो निघतात. एका सकाळी बाराशे फोटो होतात आणि प्रत्येकाची रॉ फाइल (सेन्सरचे मूळ मोजमाप असलेली) सुमारे २८ एमबी, म्हणजे न्याहारीच्या वेळेपर्यंत ३३ जीबीहून अधिक.

पिक्सेलची संख्या तीच असूनही फाइलचा आकार किती बदलतो, याचे उदाहरण द्यावेसे वाटते. माझ्याकडे डिसेंबरातल्या एकाच सकाळचे दोन जेपीईजी फोटो आहेत. दोन्ही ६००० बाय ४००० पिक्सेलचे, एकाच गुणवत्तेचे. एकात धुक्यातली खाडी आहे, वर फिकट आकाश, खाली राखाडी पाणी आणि मध्ये पक्ष्यांची एक बारीक रेघ. ती फाइल ५ एमबीची आहे. दुसऱ्यात काठावरच्या खारफुटीची दाट पाने आणि त्यांवर पडलेले ऊन आहे. ती १३ एमबीची आहे. ताईंनी सांगितलेल्या ८ बाय ८ च्या चौकोनांत धुक्याचा चौकोन जवळजवळ एका आकड्यात लिहिता येतो, तर पानांच्या चौकोनात प्रत्येक ठिपका वेगळा असतो. येऊरच्या जंगलातले फोटो जड होतात ते याच कारणाने. रात्रीच्या फोटोंतली खरखरही यंत्राच्या लेखी तपशीलच असतो, म्हणून अंधारात काढलेला निरुपयोगी फोटो पुष्कळदा दिवसाच्या चांगल्या फोटोपेक्षा अधिक जागा खातो.

रॉ फाइलबद्दलही एक सांगतो. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या १९७६ मधल्या पेटंटनुसार निम्मे ठिपके हिरवे आणि उरलेले लाल व निळे अशी जाळी असते, आणि प्रत्येक ठिकाणचे राहिलेले दोन रंग नंतर शेजाऱ्यांवरून काढले जातात. रॉमध्ये हे मूळ मोजमाप असते. २४ मेगापिक्सेल आणि प्रत्येकी १४ बिट (८ बिट म्हणजे एक बाइट) धरले तर न दाबता ४२ एमबी होतात. तीच रॉ उघडून १६ बिटची टिफ (तपशील न गमावता चित्र ठेवणारी फाइल) केली की तीन रंग आणि प्रत्येकी दोन बाइट, अशी ती १४४ एमबीची होते. म्हणून मी टिफ साठवत नाही. रॉ जपून ठेवतो आणि लागेल तेव्हा टिफ बनवतो.

ताई, एक विचारायचे राहिले. आजोबांच्या फोटोची निगेटिव्ह कुठे आहे? क्लिक-थ्री १२० फिल्म वापरतो आणि त्याची निगेटिव्ह चांगली सव्वादोन इंचांची चौकोनी असते.

कोपरी पूल

सर्वांची माहिती चांगली आहे, पण मला इतकी काटकसर पटत नाही. १ टीबीच्या डिस्कवर ४ एमबीचे अडीच लाख फोटो बसतात. साठवण एकंदरीत स्वस्त होत आली आहे. मग प्रत्येक फोटो सर्वांत मोठ्या आकारात काढावा, सगळे ठेवावे आणि विचार करणे सोडून द्यावे. या ताईंची अडचण झाली ती जागा वाचवण्याच्या विचारानेच झाली ना?

पाचपाखाडी

आपला मुद्दा निम्मा मला पूर्ण मान्य आहे. जो फोटो पुन्हा काढता येणार नाही, त्याची मूळ फाइल आहे त्याच आकारात ठेवावी. तिथे मी एक केबीसुद्धा वाचवणार नाही. पण डिस्कची किंमत हा खर्चाचा एकच भाग आहे. एक डिस्क बंद पडते, म्हणून दुसरी लागते. घरात चोरी झाली किंवा पाणी शिरले तर दोन्ही जातात, म्हणून तिसरी प्रत घराबाहेर लागते. ऑनलाइन ठेवायचे तर ५० जीबी वर चढवायला १० एमबीपीएसच्या (सेकंदाला १० मेगाबिटच्या) वेगाने अकरा तास लागतात. आणि मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे शोधणे. माझ्या मोबाइलमध्ये एकाच वाढदिवसाचे १८० फोटो आहेत, त्यांतले चाळीस जवळजवळ सारखे. ते चाळीस पुसले तर जागा सुटते, शोधणे सोपे होते, आणि उरलेल्यांची गुणवत्ताही शाबूत राहते.

लहान करायचेच झाले तर काय होते हेही पाहून ठेवले आहे. लांबी-रुंदी निम्मी केली की पिक्सेल चौथाई होतात: ४०३२ बाय ३०२४ चे २०१६ बाय १५१२, म्हणजे ३ मेगापिक्सेल. ४ बाय ६ इंचांच्या प्रतीला ते पुरून उरतात, कारण ३०० च्या हिशेबाने तिला १८०० बाय १२०० च लागतात. फाइल मात्र बरोबर चौथाई होत नाही. माझ्या झाडांच्या फोटोची ४.१ वरून १.३ एमबी झाली. तीच पाने आता थोड्या ठिपक्यांत दाटीने बसली आहेत, त्यामुळे प्रत्येक चौकोनात बदल जास्त आहेत.

खाडीपक्षी दादा, आपण निगेटिव्हचे विचारले आणि मी त्याच क्षणी आईला फोन केला. काकांच्या जुन्या घरातल्या ट्रंकेत काही पाकिटे आहेत असे ती म्हणते. रविवारी जाऊन पाहते.

खारघर टेकडी

विषयाला धरूनच एक व्यवहारातली अडचण मांडतो. माझी मुलगी बँकेच्या परीक्षांचे अर्ज भरते. आयबीपीएसच्या अर्जाला २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा फोटो लागतो, सही १४० बाय ६० पिक्सेलची आणि १० ते २० केबीची. आम्ही मोबाइलचा ४ एमबीचा फोटो एका साधनाने थेट ५० केबीवर आणला, तर चेहरा ओळखू येईना. सहीची फाइल उलट ३ केबीचीच झाली आणि अर्जाने ती नाकारली. शेवटच्या दिवशी रात्री हे निस्तरताना फार त्रास झाला.

नौपाडा छपाई

दादा, क्रम चुकला. आपण लांबी-रुंदी तशीच ठेवून फक्त गुणवत्ता खाली आणलीत. सव्वा कोटी पिक्सेल ५० केबीमध्ये कोंबायचे म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला एका बिटचा तिसावा भागही येत नाही. आधी चेहरा आणि खांदे एवढाच भाग कापा, मग तो २०० बाय २३० करा, आणि गुणवत्ता शेवटी ठरवा. एकंदर ४६ हजारच पिक्सेल उरल्यामुळे ५० केबीमध्ये प्रत्येकाला आठ बिटहून अधिक मिळतात. ही चैन आहे, फोटो स्वच्छ येईल.

सहीत बहुतेक जागा पांढरी असते, म्हणून ती फार दाबली जाते. तिथे गुणवत्ता सर्वोच्च ठेवून जतन करा. तरीही १० केबी होत नसेल तर कोऱ्या कागदावर काळ्या शाईने थोडी मोठी सही करून ती चौकटीत भरून बसेल अशी कापा. आणि प्रत्येक वेळी मूळ फोटोपासून सुरुवात करा. जेपीईजी उघडून, बदलून, पुन्हा पुन्हा जतन केली की दर वेळी तपशील थोडा थोडा झडतो.

घंटाळी

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल एवढेच सांगते, की नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतोच, शिवाय तो कधी आणि कुठे काढला ही आतली नोंदही निघून जाते. नातेवाइकांकडून जुने फोटो मागवताना ते "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगावे. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. आमच्या वंशावळीच्या कामात हे उशिरा कळले आणि पन्नासएक जणांना पुन्हा विनंती करावी लागली.

ताईंच्या ४५ पिक्सेलवरून आठवले. संगणकात उतरवलेला पहिला फोटो १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा केला होता. तो १७६ बाय १७६ पिक्सेलचा होता, म्हणजे सगळे मिळून ३१ हजारही नाहीत. आजोबांच्या चेहऱ्याला तर तीन हजारही मिळाले नाहीत. निगेटिव्ह सापडावी, अशी मनापासून इच्छा आहे.

पाचपाखाडी

निगेटिव्ह सापडल्या. ट्रंकेच्या तळाशी, काकांच्या कागदपत्रांखाली, बटर पेपरच्या पाकिटांत तीन-तीन चित्रांच्या पट्ट्या होत्या. कडा पिवळसर झाल्या आहेत आणि दोन पट्ट्यांवर बुरशीचे ठिपके आहेत, पण तलावाकाठची पट्टी स्वच्छ आहे. खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा उलट्या रंगांतसुद्धा आजोबांचे उभे राहणे ओळखू आले.

खाडीपक्षी दादांनी आपल्या घरी निगेटिव्ह स्कॅन करता येणारा फ्लॅटबेड (सपाट काचेचा स्कॅनर) असल्याचे कळवले, आणि काल मी व आई ऐरोलीला जाऊन आलो. त्यांचे आणि वहिनींचे आभार मानावे तितके थोडे आहेत. चित्राचा प्रत्यक्ष चौकोन ५६ मिलिमीटरचा आहे. २४०० डीपीआयला स्कॅन केल्यावर ५२९१ पिक्सेलची बाजू मिळाली, म्हणजे २८ मेगापिक्सेल. रंगीत ठेवण्याचे कारण नव्हते, म्हणून करड्या छटेत १६ बिटची टिफ केली; ती ५६ एमबीची झाली. दादांनी ४८०० वरही एक स्कॅन करून दाखवला. फाइल चौपट झाली, पण चेहऱ्यात नवे काही दिसले नाही. त्या साध्या कॅमेऱ्याच्या एकाच भिंगाने जेवढे टिपले, तेवढे २४०० मध्ये आलेले होते. ४८०० मध्ये फक्त फिल्मचे रवाळ कण मोठे झाले. म्हणून आम्ही २४०० वरच थांबलो.

चेहरा आता २६५ पिक्सेल रुंद आहे. छातीपर्यंतचा भाग कापला की ११७६ पिक्सेल मिळतात. नौपाड्याच्या दादांनी १२ इंचांऐवजी ८ इंच रुंदीचा आग्रह धरला. त्यात इंचाला १४७ पडतात आणि जवळ जाऊन पाहिले तरी चेहरा फुटत नाही. आईने स्कॅन पडद्यावर पाहिला तेव्हा तिचे लक्ष आधी चेहऱ्याकडे गेले नाही. सदऱ्याच्या खिशाला लावलेले पेन तिने ओळखले. ते तिने स्वतः शाळेत असताना बरीच वर्षे वापरले होते. जुन्या फाइलमध्ये त्या जागी एक पांढरी रेघ होती, आणि आम्ही तिला घडी समजत होतो.

एकंदर ४१ निगेटिव्ह आहेत. त्या सगळ्यांच्या मूळ टिफ मिळून सुमारे २.३ जीबी होतील. त्यांना हात न लावता तीन प्रती करणार आहे: एक माझ्या संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक पुण्याला बहिणीकडे. नातेवाइकांना पाठवण्यासाठी २००० पिक्सेलच्या जेपीईजी वेगळ्या करीन. बुरशी लागलेल्या दोन पट्ट्या कशा स्वच्छ कराव्यात, हे कुणाला अनुभवाने माहीत असेल तर कृपया लिहावे. त्यांतली एक माझ्या आईच्या भावाची, तो मुंजीच्या वयाचा असतानाची आहे आणि त्याचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

खाडीपक्षी

ताई, त्यांना पाणी लावू नका, कापसाने पुसूही नका. बुरशीने थर मऊ झालेला असेल तर तो पाण्याने सुटून येतो. आधी त्या पट्ट्या कोरड्या हवेच्या डब्यात सिलिका जेलसह आठवडाभर ठेवा, बाकीच्या पट्ट्यांपासून वेगळ्या. नंतर आहेत तशाच माझ्याकडे घेऊन या. आधी स्कॅन करून घेऊ, म्हणजे पुढे काहीही झाले तरी आज जे दिसते आहे ते आपल्याजवळ राहील. ठिपके फाइलच्या प्रतीवर एकेक करून काढता येतील. पुढच्या रविवारी सकाळी भरती आहे, त्यामुळे मी दहापर्यंत खाडीवर असेन. त्यानंतर केव्हाही या.